दरवर्षी नवा होणारा गवताचा पूल

इंका म्हटलं की दगड आठवतो. माचू पिच्चूच्या भिंती, साक्सायवामानचे चुन्याविना एकमेकांत बसवलेले अजस्र चिरे. ते कौतुक रास्तच आहे. पण त्यांची बुद्धी मला दगडापेक्षा गवतात जास्त दिसते. पेरू देशात, कुस्को शहराच्या दक्षिणेला, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आपुरीमाक नदीच्या घळीवर केसवाचाका नावाचा झुलता पूल आहे. लांबी तीसेक मीटर, आणि सगळा भार गवताच्या दोरांवर.

इंकांचं राज्य डोंगरावर पसरलेलं होतं आणि ते रस्त्यांनी बांधलेलं होतं. कापाक न्यान या नावाने ओळखलं जाणारं हे जाळं तीस हजार किलोमीटरांहून मोठं. त्यावर चाकाची गाडी कधी धावली नाही. चालणारी माणसं, ओझ्याचे लामा आणि निरोप पोचवणारे चास्की, एवढीच वाहतूक. वजन बेताचं, पण घळी खोल. कमानीचा पूल उभारायचा तर दगड जागी बसेपर्यंत खालून लाकडी आधार द्यावा लागतो. खळाळत्या नदीत तो द्यायचा कुठे? शिवाय हा मुलूख भूकंपाचा. दगड दाब सोसतो, दोर ताण सोसतो. इंकांनी ताणाची बाजू धरली. पुढे आपुरीमाकवर दगडी पूल बांधण्याचा स्पॅनिश राज्यकर्त्यांचा प्रयत्न फसला, आणि कुराउआसीजवळचा तिथला मोठा दोरपूल एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिला. थॉर्नटन वाइल्डर यांच्या १९२७ सालच्या गाजलेल्या कादंबरीमागे हाच पूल असल्याचं मानतात. कादंबरीत मात्र पूल कोसळतो; तो शतकानुशतकं कसा टिकला, यावर कोण कादंबरी लिहिणार?

असे पूल कसे टिकले याचं उत्तर केसवाचाकावर दर जूनमध्ये पाहायला मिळतं. विंचिरी, चाउपिबांदा, चोक्कायवा आणि कोल्याना केवे या चार वस्त्या तिथे जमतात. त्याआधी घराघरात कोया नावाचं चिवट गवत कापून, भिजवून, दगडाने ठेचून मऊ केलेलं असतं. तळव्यांत पीळ देत बायका त्याच्या बारीक दोऱ्या वळतात. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची दोरी आणायचीच. पहिल्या दिवशी पृथ्वीमाता पाचामामा आणि डोंगरदेव यांना नैवेद्य होतो, मग या दोऱ्या रस्त्यावर लांबवर पसरून एकत्र पिळल्या जातात. असे तीन पेड वेणीसारखे गुंफले की एक जाड दोरखंड होतो. चार दोरखंड पायाखाली, दोन हातांच्या कठड्याला.

पुरुषांच्या रांगा दोन्ही काठांवरून ते दोरखंड ओढतात आणि दगडी खुंट्यांना आवळतात. झोल किती ठेवायचा हे मोजपट्टी नव्हे, अनुभवी नजर ठरवते. जुना पूल तोडून नदीत सोडून देतात. गवतच ते, वाहून जातं, कुजतं. मग चाकारुवाक, म्हणजे पूल बांधणारे जाणते कारागीर, दोरांवर पाय टाकून बसतात आणि दोन टोकांकडून मध्याकडे सरकत कठडा व तळ यांच्यामध्ये जाळी विणत जातात. खाली नदी असते. तळावर काटक्यांच्या चटया अंथरल्या की काम संपलं. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाचगाणं.

बायकांनी दोरी वळायची, पण बांधकाम चालू असताना पुलाजवळ फिरकायचं नाही, असा जुना संकेत आहे. हे काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

इंकांच्या काळी अशी कामं मिता या सक्तीच्या श्रमपाळीतून होत. १५३२ नंतर ते राज्य मोडलं, हुकूम देणारे गेले. गावांनी काम सोडलं नाही. आज वाहनांसाठी जवळच दुसरा पूल आहे, त्यामुळे केसवाचाकावाचून कुणाचं अडत नाही. तरीही तो बांधला जातो. २०१३ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं ते या पुलाला नव्हे, तो दरवर्षी नव्याने बांधण्याच्या ज्ञानाला आणि रिवाजाला. हे फार योग्य झालं. कारण पूल तर दोन-तीन वर्षांत कुजणारच असतो.

महामारीमुळे २०२० साली पूल नव्याने बांधला गेला नाही. मार्च २०२१ मध्ये दोर तुटले आणि तो नदीत कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये चारही वस्त्यांनी नव्या दोऱ्या वळून तो पुन्हा उभा केला.