बुटाखालचे पाच सेंटिमीटर

हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणारी मराठी मंडळी आता बर्फात फोटो काढून थांबत नाहीत. भाड्याच्या स्की पायात अडकवून दोन-चार दिवस शिकूनही येतात. त्यातल्या काहींना गोडी लागते आणि मग स्वतःची स्की घेण्याचा विचार सुरू होतो. तेव्हा दुकानात हमखास एक प्रश्न येतो : बूट स्कीपासून किती उंच बसवायचा? या प्रश्नाचा संबंध वेगाशी जितका आहे, तितकाच गुडघ्याशी आहे.

बूट स्कीवर घट्ट धरून ठेवणारी यंत्रणा म्हणजे बाइंडिंग. तिच्याखाली जाड पट्टी बसवली की पाऊल आणखी वर उचलले जाते. ही रायझर प्लेट. मोठ्या स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्कीच्या तळापासून बुटाच्या तळापर्यंतची उंची ५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आहे. बुटाच्या स्वतःच्या तळाला आणखी ४३ मिलिमीटरची मुभा आहे. म्हणजे शर्यतपटूची टाच बर्फापासून नऊ सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त वर असू शकते.

त्याला एवढी उंची लागते, कारण शर्यतीची स्की अरुंद असते. पायाखाली ती जेमतेम ६५ मिलिमीटर भरते आणि बूट तिच्याहून रुंद असतो. वळणावर स्की कडेवर खूप कलली की बुटाची बाजू बर्फाला घासते, कड सुटते आणि खेळाडू घसरत जातो. उंचीमुळे हे टळते. शिवाय लांब दांड्याच्या पान्याने घट्ट नट सहज फिरावा, तसा घोट्याचा आणि गुडघ्याचा छोटासा कल कडेवर जोरात उतरतो. काचेसारख्या कडक बर्फावर याचा मोठा फायदा होतो.

पण पाना दोन्हीकडे चालतो. कडेने बर्फ अचानक पकडला तर तो झटका त्याच वाटेने वर येतो. नॉर्वेच्या संशोधकांनी विश्वचषक शर्यतींतील गुडघ्याच्या २० दुखापतींच्या चित्रफिती तपासल्या. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त वेळा दिसला तो प्रकार असा : वळणावर बाहेरच्या पायाची पकड सुटते, खेळाडू तो पाय लांबवून पुन्हा बर्फ गाठू पाहतो, तेवढ्यात स्कीची आतली कड एकदम रुतते. गुडघा आत ढकलला जातो, पिळला जातो आणि एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रिया करूनही मैदानात परतायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो.

बाइंडिंग अशा वेळी सुटत कसे नाही? ते मुळात नडगीचे हाड वाचवण्यासाठी बनले. पुढे आडवे आणि मागे वर सुटते. नडगीचे अस्थिभंग त्यामुळे खूपच कमी झाले. एसीएलला मात्र तसे संरक्षण मिळाले नाही.

म्हणून वर्षातून आठवडाभर स्की करणाऱ्याने शर्यतपटूची उंची उसनी घेऊ नये. गुलमर्गच्या वरच्या उतारांवरील भुसभुशीत बर्फासाठी वापरतात त्या रुंद स्की पायाखाली शंभर मिलिमीटरच्या आसपास असतात. तिथे बूट बाहेर येतच नाही, मग प्लेट कशाला? सपाट बाइंडिंग पुरे. तयार उतारांवरच्या मध्यम स्कीवर कंपनीने जी पट्टी जोडून दिली आहे, तेवढीच ठेवावी.

एकूण उंचीइतकेच टाच आणि चवडा यांच्यातील फरकाकडेही पाहावे. बऱ्याच बाइंडिंगमध्ये टाच काही मिलिमीटर वर असते. बूट लहान असेल तर तेवढ्याच फरकाने उतार जास्त तिरका होतो, त्यामुळे लहान पावलांच्या स्त्रियांना तो अधिक जाणवतो. उंच टाचेची चप्पल घातल्यासारखे त्या तोल सांभाळण्यासाठी मागे झुकतात आणि मांड्या लवकर दमतात. चवड्याखाली पातळ पट्टी दिली की अनेकदा काम होते. मात्र त्यासाठी लांब स्क्रू लागतात. ते तंत्रज्ञानेच बसवावेत आणि बाइंडिंग किती जोराने सुटते हे यंत्रावर पुन्हा तपासून घ्यावे.

हा जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. वय पन्नास आणि त्यापुढे असेल तर तो एक पायरी कमी ठेवतात. दुकानदाराने विचारले की वय आणि वजन खरे सांगावे. आणि 'चांगली येते का स्की?' या प्रश्नाला उत्तर देताना मित्रमंडळी ऐकत आहेत हे विसरून जावे.