झोपेची गोळी : चिठ्ठी दहा दिवसांची, सवय सहा वर्षांची



आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक आजी आल्या होत्या. घड्या पडून विरलेली एक चिठ्ठी त्यांनी पिशवीत जपून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी आजोबा वारले तेव्हा डॉक्टरांनी झोपेसाठी दहा दिवसांची गोळी लिहून दिली होती. तीच चिठ्ठी दाखवून नातू अजून मेडिकलमधून पट्टी आणतो. आधी अर्धी गोळी पुरायची, आता दोन लागतात. रात्री लघवीला उठताना आजी वर्षात दोनदा पडल्या. घरच्यांना वाटले, म्हातारपणाने तोल जातो.

पट्टीवर नाव होते अल्प्राझोलाम. डायझेपाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या तिच्याच बहिणी. या गोळ्या मेंदूची धावपळ मंद करतात. भीती कमी होते, झोप लागते. काही आजारांत त्या फार उपयोगी आहेत, फिट थांबवायला दवाखान्यात आम्हीही देतो. पण रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच मेंदूला त्यांची सवय लागते. म्हणून झोपेसाठी त्या सहसा दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देत नाहीत. पुढे तेवढ्याच गोळीने झोप येत नाही, मग माणूस स्वतःच डोस वाढवतो. विसरभोळेपणा येतो, तोल जातो, म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडू शकते.

याच गोळ्या आपली तरुण पोरे नशेसाठी घेतात. मुंबईत नायट्राझेपामला ‘बटन’ म्हणतात, मालेगावकडे अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’. केंद्र सरकारने 2019 साली जाहीर केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 1 कोटी 18 लाख लोक अशा गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतात. अशा लोकांची संख्या सर्वात जास्त असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. दारूला वास येतो, गोळीला येत नाही. म्हणून घरात लवकर कळत नाही.

दारू आणि ही गोळी एकत्र घेणे सर्वात घातक. दोन्ही श्वास मंद करतात, झोपेतच श्वास थांबू शकतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनेच्या गोळ्या यांच्याबरोबरही तोच धोका. माणूस हलवूनही उठत नसेल, घोरणे अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि लगेच 108 ला फोन करा. तोंडात पाणी, लिंबू, काहीही घालू नका.

आता सर्वात महत्त्वाचे. गोळी एकदम बंद करू नका. मी वॉर्डात नोकरीला असताना एका तरुणाला त्याच्या बायकोने फिट येत असताना आणले होते. तिने दोन दिवसांपूर्वी त्याच्या सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या होत्या. तिचा हेतू चांगलाच होता, पण हे कोणी तिला सांगितलेच नव्हते. सवय लागलेली गोळी अचानक तोडली तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, भास होतात, फिट येते आणि जीवही जाऊ शकतो. डॉक्टर डोस थोडा थोडा कमी करत नेतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात, पण गोळी सुटते.

मग काय करायचे?

1. पट्टीवर लाल रंगात ‘आरएक्स’ किंवा ‘एनआरएक्स’ आहे का पाहा. असे औषध चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदेशीर आहे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते.
2. आपली गोळी शेजारणीला देऊ नका. पट्टी कुलपात ठेवा, गोळ्या मोजून ठेवा.
3. मानसिक आजाराच्या सगळ्याच औषधांची अशी सवय लागत नाही. हा लेख वाचून कोणीही चालू औषध मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारा.
4. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा. ‘टेली मानस’चा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे. नशामुक्तीसाठी 14446 वर फोन करा.
5. पोलिसांच्या भीतीने पोराला घरात लपवू नका. 1985 च्या एनडीपीएस कायद्यातले कलम 64-अ सांगते, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर केवळ सेवनासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरा करावा लागतो.

‘दारू नाही, औषधच घेतो, मग पाचवे शील कुठे मोडले?’ असे एका भावाने मला विचारले होते. आजारासाठी, सांगितले तेवढेच घेतले तर ते औषधच. भान घालवण्यासाठी घेतले तर पट्टीवर काहीही छापलेले असो, ती नशाच. पण सवय लागलेल्या माणसाला शील सांगून हिणवू नका. तो आजारी आहे, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

त्या आजींना घेऊन मी मानसोपचार विभागात गेले. आता त्यांचा डोस हळूहळू उतरतो आहे. जुनी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने फाडली. तुमच्या घरात अशी चिठ्ठी आहे का, आज शोधा. सापडली तर गोळ्या घेणाऱ्या माणसाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.