‘हिवाळी’ शब्दाची व्याप्ती आणि उद्घाटनाची प्रतीक्षा : खानदेशच्या भाषिक अनुभवातून एक विवेचन

जागतिक हिवाळी क्रीडामहोत्सवाचा उद्घाटन सोहळा जवळ आला की मराठी वृत्तपत्रांतून ‘हिवाळी ऑलिंपिक’ हा शब्दप्रयोग वारंवार होऊ लागतो. जळगाव किंवा धुळे येथील वाचक तो वाचतो, त्याचा अर्थ आपणांस कळला असे समजतो आणि सोहळ्याची वाट पाहतो. परंतु ज्याची वाट पाहावयाची ती वस्तू कोणती, हे शब्दाने नेमके सांगितले आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मराठीत ऋतुवाचक नामाला ‘ई’ प्रत्यय लागून झालेले विशेषण मुख्यतः काळ दाखविते. ‘हिवाळी अधिवेशन’ म्हणजे हिवाळ्यात भरणारे अधिवेशन, ‘उन्हाळी सुटी’ म्हणजे उन्हाळ्यातील सुटी. याच न्यायाने ‘हिवाळी क्रीडा’ म्हणजे थंडीच्या दिवसांत खेळावयाचे खेळ, असा अर्थ सहज मनात येतो. तसे पाहिले तर खानदेशात कबड्डी आणि क्रिकेट हेही हिवाळी खेळच ठरतील. ऑलिंपिक सनदेची व्याख्या मात्र ऋतूवर आधारलेली नाही. जे खेळ हिमावर किंवा बर्फावर खेळले जातात तेच हिवाळी खेळ, असा तिचा दंडक आहे. म्हणजे नाव ऋतूचे, पण विवक्षा पृष्ठभागाची आहे. ही लक्षणा होय. फ्रान्समधील शामोनी येथे १९२४ साली या खेळांची परंपरा सुरू झाली. आल्प्सच्या परिसरात हिवाळा म्हटला की हिम आलेच. त्यामुळे तेथील भाषिकाला ही लक्षणा उलगडून सांगावी लागली नाही. लक्षणा समान अनुभवावर उभी असते. तो अनुभव नसला की शब्द पोहोचतो, अर्थ मागे राहतो.

येथे एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी. ‘हिवाळा’ या शब्दाच्या पोटातच ‘हिम’ आहे. संस्कृत ‘हिमकाल’पासून हा शब्द सिद्ध झाला, जसा ‘उष्णकाल’पासून ‘उन्हाळा’. स्वरमध्यस्थ ‘म’काराचा ‘व’कार होणे हा मराठीचा परिचित ध्वनिनियम असून ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. अहिराणीत ‘ळ’काराचा ‘य’कार होऊन ‘हिवाया’ असे रूप ऐकू येते. रूप याप्रमाणे टिकले. अर्थ मात्र देशकालानुसार सरकला. ‘हिम’चे तद्भव रूप ‘हिव’ हे गोठलेल्या जलाचे वाचक राहिले नाही. ते थंडीचे आणि अंगात भरणाऱ्या कापऱ्याचे वाचक झाले. ‘हिवताप’ या शब्दात तेच आहे. जेथे हिम पडत नाही तेथे शब्दाने पदार्थ सोडून त्याचा परिणाम धरला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे ‘हिम’ हे तत्सम रूप ग्रंथांच्या द्वारे पुन्हा आले. पण ते भूगोलाच्या पुस्तकातले, अंगणातले नव्हे.

खानदेशचा हिवाळा सौम्य असतो असे मात्र नाही. जळगावला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर धुळ्याचे नाव थंडीच्या लाटेत राज्यातील अतिशीत ठिकाणांत वारंवार येते. कडाक्याच्या थंडीने केळीची वाढ खुंटते. आकाशातून गोठलेले पाणी पडताना शेतकरी पाहतो ते गारेच्या रूपाने, आणि गारपीट म्हणजे रब्बीच्या उभ्या पिकाचा नाश. शेतात भरिताची वांगी भाजली जातात, कळण्याची भाकरी होते, हा या ऋतूचा आनंद; पण त्या आनंदात गोठलेल्या पाण्याला स्थान नाही. ज्या वस्तूचा अनुभव आपत्तीचा आहे, तिच्यावर उभारलेला उत्सव समजून घ्यावयाचा, ही खरी अडचण आहे.

दुसरी अडचण ‘बर्फ’ या शब्दाची आहे. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम. गोठून घट्ट झालेल्या पाण्याला तेथे ‘यख’ असा निराळा शब्द आहे. काश्मिरीतही ‘शीन’ आणि ‘यख’ असा भेद केला जातो. मराठीत आलेला ‘बर्फ’ प्रथम कारखान्यातल्या लादीशी जोडला गेला आणि पुढे दोन्ही अर्थांचा भार त्याच्यावर पडला. खेळांच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. स्कीइंग हिमावर चालते. स्केटिंग, कर्लिंग आणि ल्यूज यांना घट्ट बर्फ लागतो. १९६४ साली इन्सब्रुक येथे भारताचे एकमेव प्रतिनिधी म्हणून उतरलेले जेरेमी बुजाकोव्हस्की हे हिमावरचे खेळाडू. १९९८ साली नागानो येथे प्रथम उतरलेले शिव केशवन बर्फावरचे. ‘बर्फावरील खेळ’ या एका शब्दप्रयोगात दोघांतील अंतर नाहीसे होते.

आता प्रत्यक्ष उद्घाटनाकडे वळू. सोहळ्यात प्रेक्षक मुख्यतः आपल्या देशाच्या पथकाची वाट पाहतो. संचलनात ग्रीस प्रथम आणि यजमान देश शेवटी, हा संकेत स्थिर आहे. मधला क्रम मात्र सामान्यतः यजमानांच्या भाषेवर अवलंबून असतो. २०१८ साली प्योंगचांग येथे कोरियन वर्णक्रमाने ग्रीसपाठोपाठ घाना आला. २०२२ साली बीजिंग येथे चिनी अक्षरांतील रेघांच्या संख्येवरून क्रम लागला आणि तुर्कस्तान दुसरा आला. अशा वेळी इंग्रजी वर्णमाला मनात धरून भारताची वाट पाहणारा प्रेक्षक चुकतो. नावालाही तेथे मोठे मोल असते. २०१४ साली सोची येथे भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने भारताचे खेळाडू ‘स्वतंत्र ऑलिंपिक सहभागी’ म्हणून ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. निलंबन ११ फेब्रुवारीस उठले आणि समारोपात तिरंगा दिसला. पण उद्घाटनाचा क्षण परत आला नाही. २०२२ साली आरिफ खान हे एकमेव भारतीय खेळाडू संचलनात होते; मात्र भारताच्या राजनैतिक बहिष्कारामुळे दूरदर्शनने तो सोहळा थेट दाखविला नाही.

सोहळ्याचा कळस म्हणजे यजमान देशाच्या प्रमुखाने सनदेत ठरवून दिलेल्या शब्दांत खेळ खुले झाल्याचे जाहीर करणे. येथे वाक्य घटनेचे वर्णन करीत नाही. ते स्वतःच घटना होते. जे. एल. ऑस्टिन यांनी अशा उक्तींचे विवेचन केले आहे. यातील गंमत अशी की २०२२ साली कर्लिंगचे सामने २ फेब्रुवारीसच सुरू झाले होते, उद्घाटन ४ फेब्रुवारीस झाले. खेळ आधी चालू असतात, ‘खुले’ मागाहून होतात. म्हणजे उद्घोषणेने वस्तुस्थिती बदलत नाही, तिला मान्यता मिळते. ‘उद्घाटन’ या शब्दाचा मूळ अर्थ उघडणे. आणि सामने आधीच चालू असता या घोषणेने जे उघडते ते मैदान नव्हे, तर सर्वांनी मिळून पाहावयाचा उत्सव होय.

‘हिवाळी ऑलिंपिक’ हा शब्द रूढ झाला आहे. तो बदलण्याचे कारण नाही. मात्र अनुवादकाने व अध्यापकाने भुसभुशीत पदार्थासाठी ‘हिम’ आणि घट्ट पदार्थासाठी ‘बर्फ’ हा भेद कटाक्षाने पाळावा. त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. दोन्ही शब्द भाषेत आहेत, केवळ त्यांचे काम वाटून द्यावयाचे आहे. तसे झाल्यास तापीकाठच्या विद्यार्थ्याला पुढील उद्घाटनाची वाट पाहताना आपल्याच ‘हिवाया’त दडलेले हिम ओळखता येईल.