दारुहळद इथली, ह्वांगल्येन तिथली
(लेखमाला : पाळीचं गणित – भाग ६)

गोदाकाठी कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकायला कच त्यांच्याकडे आला तो इथंच, असं या भागात मानतात. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नावही संजीवनीच. आणि संजीवनी म्हटलं की आपल्याला विद्येआधी मुळी आठवते. मुलीची पाळी लांबली, हनुवटीवर केस दिसू लागले, की सोनोग्राफीच्या आधी घरात काढा उकळतो तो मुळीवरच्या विश्वासातूनच.

मागच्या भागात आपण पीसीओडी म्हणजे काय ते पाहिलं. बीजांडकोशात दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजं असलेल्या पिशव्या. मूळ बिघाड संप्रेरकांचा आणि बऱ्याच जणींत इन्शुलिनचा. हा त्रास किती मुलींना असतो? मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. निदानाचे ‘रॉटरडॅम’ निकष लावले तर प्रमाण २२.५ टक्के, अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. कमी आकडा धरला, तरी दर दहा मुलींमागे एक.

चीनमध्येही घरोघरी हीच चिंता आहे. तिथले पारंपरिक वैद्य नाडी आणि जीभ पाहतात, ‘मूत्रपिंडाची शक्ती कमी’ किंवा ‘कफ आणि ओलावा साचलेला’ असं निदान करतात आणि अनेक वनस्पतींचा एकत्र काढा देतात. कफाची ही भाषा आपल्या वैद्यांना परकी वाटणार नाही.

दोन्ही परंपरांत एक धागा तर अगदी रासायनिक आहे. चिनी वैद्यांची आवडती कडू मुळी ह्वांगल्येन आणि आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी दारुहळद या दोन वेगळ्या वनस्पती. दोन्ही आतून पिवळ्याधमक, कारण दोन्हींत बर्बेरिन हेच द्रव्य असतं. ते रक्तातली साखर उतरवतं, इन्शुलिनचं काम सुधारतं. मग पीसीओडीत त्याचा उपयोग का होऊ नये?

हा प्रश्न चिनी डॉक्टरांनीच कसोटीला लावला. मूल होत नसलेल्या ६४४ पीसीओडीग्रस्त स्त्रियांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. २०१६ मध्ये निकाल आला. बीज पक्व करणारं लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के स्त्रियांना मूल झालं, लेट्रोझोल आणि बर्बेरिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के, नुसतं बर्बेरिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के. म्हणजे बर्बेरिन जोडून काहीच वाढलं नाही.

काढ्यांचा पुरावा याहून विरळ आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यांत मूल न होणाऱ्या स्त्रियांवरचे प्रयोग थोडे आणि छोटे निघाले. चिनी काढ्यांनी फायदा होतो की नाही, हे त्यांवरून ठरवता आलं नाही.

वनस्पतीतून औषध निघतच नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पीसीओडीत सर्रास दिलं जाणारं मेटफॉर्मिन हे गॅलेगा या युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासातून पुढे आलं. मूळ वनस्पती विषारी होती. १९२२ मध्ये मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरचा उपयोग छापला. आज गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. दारुहळदीच्या मूठभर सालीच्या काढ्यात किती बर्बेरिन उतरलं, ते उकळणारीलाही सांगता येत नाही.

आणि इथंच खरी काळजी आहे. बर्बेरिन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळायला सांगतात, कारण नवजात बाळाची कावीळ त्यानं वाढू शकते. पीसीओडीत पाळी आधीच लांबलेली असते, त्यामुळे दिवस गेल्याचं पुष्कळदा उशिरा कळतं. तोवर काढा चालूच राहतो. काढ्यातलं ज्येष्ठमध बरेच दिवस भरपूर घेतलं, तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. मेटफॉर्मिनच्या जोडीला बर्बेरिन घेतलं, तर साखरेवर दुहेरी परिणाम होतो. म्हणून दवाखान्यात जाताना काढ्याची पुडी, चूर्णाची डबी पिशवीत टाकून न्यावी आणि डॉक्टरांसमोर ठेवावी. वैद्यांकडे जाताना गोळ्यांची पाकिटंही तशीच न्यावीत. घरातल्या मोठ्यांनी लेकीला किंवा सुनेला ‘हे डॉक्टरांना सांगू नकोस’ असं कधीही म्हणू नये.

पाळी सलग तीन महिन्यांहून अधिक काळ आली नाही, तर काढ्यावर वाट पाहत बसू नये. गर्भाशयाचं अस्तर वर्षानुवर्षं साचत राहिलं, तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

(पुढच्या आठवड्यात : पीसीओडीत ताटात काय असावं? बाजरीची भाकरी, ऊस आणि साखर.)