कयाकवरील मासेमारी : रिळाची निवड आणि निगा

बऱ्हाणपूरच्या राजघाटाला स्पर्शून तापी पुढे खानदेशाकडे वळते, तेव्हा समुद्र तिच्यापासून शेकडो किलोमीटर दूर असतो. तेथील पाणी गोडे. त्या पाण्यावर रोहू आणि मरळ यांच्यामागे सहा वर्षे विनातक्रार फिरलेले एक रीळ आमचे बऱ्हाणपूरचे नातेवाईक सुटीसाठी येताना गोव्यात घेऊन आले. मांडवीच्या मुखाजवळ कयाकमधून चार सकाळी ते वापरले गेले आणि न धुताच पिशवीत गेले. महिन्याभराने हँडल फिरेना. उघडून पाहिले तर बेअरिंगवर तांबूस गंज चढलेला आणि स्पूलखाली मिठाचा पांढरा थर. दोष रिळाचा नव्हता. एका पाण्याची सवय दुसऱ्या पाण्यावर तशीच नेली, हे त्याचे कारण.

अलीकडे गोव्यातील नद्यांवर कयाक घेऊन गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची ये-जा वाढलेली दिसते. काठी आणि गळ यांची चर्चा पुष्कळ होते. रीळ मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. मोठा मासा लागल्यावर माणूस, होडी आणि मासा या तिघांमधील दुवा तेच असते, हे विसरता कामा नये.

किनाऱ्यावर उभा असलेला माणूस पाय रोवून मासा ओढू शकतो. कयाकमध्ये बसणाऱ्याला तसा आधार नसतो. तो पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर बसतो. वल्ह्याचे पाणी, लाटांचे तुषार आणि क्वचित पूर्ण बुडी हे सारे रिळाच्या वाट्याला येते. शिवाय मासा होडीलाच ओढत नेतो. म्हणून येथे रिळाकडून दोन गोष्टी हव्यात : पाणी आत न शिरणे आणि दोरी झटका न देता सुटणे.

नवशिक्याने स्पिनिंग रीळ घ्यावे. बेटकास्टिंग रीळ अचूक असते. परंतु समोरून वारा असताना बसल्या जागेवरून फेक चुकली, तर स्पूलवर दोरीचा गुंता होतो आणि तो सोडवताना होडी भलतीकडे वाहत जाते. खाडीतील तांबोशी किंवा मध्यम आकाराच्या चोणकासाठी ३००० ते ४००० क्रमांकाचे रीळ पुरेसे आहे. तापीसारख्या नदीत किंवा धरणाच्या जलाशयात मध्यम माशांसाठी २५०० क्रमांकानेही काम भागते. जड रीळ हाताला थकवते आणि बसून फेकताना ते अधिक जाणवते.

खोक्यावर छापलेल्या बेअरिंगच्या संख्येला भुलू नये. दहा साध्या बेअरिंगपेक्षा गंजरोधक अशी चार-पाच अधिक टिकतात. ड्रॅग आणि मुख्य दातेरी चक्रे यांना पाणीरोधक सील आहे का, हे विचारावे. ग्रॅफाइटचे अंग हलके असते व गंजत नाही, मात्र मोठ्या ओढीखाली ते किंचित वाकते. ॲल्युमिनियमचे अंग ताठ राहते. त्याच्यावरील थर खरचटला की मीठ तेथूनच आत शिरते.

ब्रेडेड दोरी बारीक आणि मजबूत असते, पण गुळगुळीत स्पूलवर ती घसरते. म्हणून आधी काही वेढे साध्या तंगुसाचे घालून त्यावर ती गुंडाळावी. स्पूलच्या कडेपासून सुमारे दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून दोरीचे वेढे एकदम सुटतात. कमी भरलेल्या स्पूलवरून फेक आखूड पडते.

ड्रॅग अंदाजाने घट्ट करण्याची सवय धोक्याची आहे. दोरीच्या क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला ती सुटली पाहिजे. नऊ किलो क्षमतेची दोरी असेल, तर सव्वादोन ते तीन किलो. घरातील स्प्रिंगचा काटा दोरीला बांधून हे सहज मोजता येते. कयाकवर पाव भागाशीच थांबावे. घट्ट ड्रॅगवर मासा बाजूने ओढू लागला, तर होडी कलंडू शकते. होडीचे नाक माशाच्या दिशेने वळू द्यावे आणि लाइफ जॅकेट अंगावरून काढू नये. काठीला होडीशी बांधणारी दोरी असावी. बुडालेले रीळ परत मिळत नाही.

परतल्यावरची दहा मिनिटे रिळाचे आयुष्य ठरवतात. प्रथम ड्रॅग घट्ट करावा, म्हणजे धुताना पाणी आतील चकत्यांत जात नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली रीळ धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ निघण्याऐवजी बेअरिंगमध्ये ढकलले जाते. मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवावे आणि त्यानंतर ड्रॅग सैल करावा. दाबलेल्या चकत्या कायमच्या चेपल्या, तर दोरी झटके देत सुटते.

तेल आणि ग्रीस यांची गल्लत करू नये. दातेरी चक्रांना ग्रीस, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. दोरी ज्या छोट्या रोलरवरून वळते, त्याला सर्वांत आधी गंज लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. गंज सोडवणारा फवारा वंगणाची जागा घेऊ शकत नाही. ड्रॅगच्या चकत्यांना उत्पादकाने सांगितले असेल तरच, आणि त्यासाठीचेच ग्रीस लावावे.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि खवळलेल्या समुद्रात तेव्हा कयाकही नेऊ नये. मध्य प्रदेशात माशांच्या प्रजननासाठी १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद काळ आहे. दोन्हीकडे हाच काळ रीळ उघडून साफ करण्याचा. सुटे केलेले भाग ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडावेत आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. स्वतः उघडण्याचे धाडस नसेल, तर जाणकाराकडे द्यावे.

बऱ्हाणपूरचे ते रीळ बेअरिंग बदलल्यावर पुन्हा फिरू लागले. आता ते तापीवर परतले आहे. आणि आमचे नातेवाईक तेथेही, गोड्या पाण्यातून आल्यावरसुद्धा, ते न चुकता धुऊन ठेवतात.