लिफ्ट उचलेना? आधी तेल पाहा!

जुन्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट नांगर उचलेनाशी झाली, की मालकाच्या पोटात गोळा येतो. पंपच गेला असे मानून तो उघडण्याची घाई होते. खर्च होतो आणि नांगरणीचे दिवस हातचे जातात. दोष मात्र अनेकदा साधा असतो.

इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊ. त्यात गिअरबॉक्स, मागील अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक यंत्रणा यांना एकच तेल पुरते. तेलात बुडालेला पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. त्यामुळे पीटीओचा लिव्हर बंद असल्यास किंवा क्लच दाबलेला असल्यास लिफ्ट उचलत नाही. तेलाची पातळी उतरली, की पंप हवा ओढतो आणि नांगर धक्के देत वर येतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे. असे तेल वेळीच न बदलल्यास पंपाबरोबर गिअर आणि बेअरिंगही खराब होतात.

तपासणीपूर्वी नांगर जमिनीवर टेकवावा. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये.