गावसभेपुढील पाण्याचा ताळेबंद : वर्गणीदारांस खुलासा

मागील अहवाल हाती पडल्यावर आमच्या काही आश्रयदात्यांनी, विशेषेकरून पेठेतील व्यापारी मंडळींनी, समितीस एक रोखठोक प्रश्न विचारला. गावोगाव निवडून दिलेले सरपंच आहेत, पंचायती आहेत, त्यांच्या हाती सरकारातून पैसा येतो; असे असता पाऊस ओढला की टँकर आणि कडबा यांसाठी वर्गणीची वही आमच्याच दारी का यावी, आणि गेल्या खेपेस दिलेल्या पैशाचे पाणी कोठे मुरले? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याने पैसा दिला त्यास तो विचारण्याचा अधिकार आहेच. टंचाईचे हृदयद्रावक वर्णन करून वेळ मारून नेणे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून येथे आम्ही एका निवडून आलेल्या सरपंचाच्या कामाची हकीकत, तीमागील हिशेब आणि तत्संबंधी कायदा ही तिन्ही मांडीत आहोत; आणि त्यांवरून वर्गणीच्या विनियोगाविषयी समितीने जो नवा नियम ठरविला आहे तोही निवेदन करीत आहोत.

प्रथम आमच्याच पदरचा दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी समितीने एका गावी सार्वजनिक विहीर खोल करून दिली, तीस पक्के बांधकाम केले आणि वर्गणीदारांच्या नावाचा दगडही बसविला. दोन पावसाळे विहिरीने उत्तम साथ दिली. पुढे दोन शेते पलीकडे एका सधन खातेदाराने उसासाठी बोअर घेतला, आणि त्यानंतरच्या चैत्रात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला. गावास पुन्हा टँकर लावावा लागला व त्याचेही बिल समितीनेच भरले. त्या गृहस्थांचे नाव घेण्याचे कारण नाही; आपल्या रानात आपण पाणी शोधले, यात गैर काय, असे त्यांस प्रामाणिकपणे वाटत होते. चूक आमची होती. विहिरीवर पैसा घालताना, तिच्या आसपासच्या पाण्याविषयी गावाने काय ठरविले आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्या खातेदाराच्या समजुतीस कायद्याचा आधार जुना आहे. 1882 सालच्या ईझमेंट ॲक्टाप्रमाणे, जे पाणी जमिनीखाली ठराविक प्रवाहाने वाहत नाही ते आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमिनीच्या मालकास आहे. मोट होती तोवर या हक्कास बैलांच्या ताकदीचीच मर्यादा असे. विजेचा पंप आला आणि ती मर्यादा गेली; कायद्याचे तत्त्व मात्र तसेच राहिले. पुढे महाराष्ट्राने 2009 साली भूजलाचा स्वतंत्र कायदा केला व 60 मीटरहून खोल विहिरीस शेती आणि उद्योग यांच्या कामी मनाई केली. परंतु मुंबईत झालेला कायदा शिवारापर्यंत पोचता पोचता किती क्षीण होतो, हे आमच्यासारख्या कोर्टात आयुष्य घालविलेल्या माणसांस सांगावयास नको. शेजाऱ्याचा बोअर थांबवावयाचा तर त्यास शेजाऱ्यांची संमतीच लागते. आणि अशी संमती मिळविण्याची जागा म्हणजे ग्रामसभा.

योगायोग असा की त्याच 1882 साली, 18 मे रोजी, लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच्या 1876-78 च्या दुष्काळात गावाच्या वतीने बोलणारी निवडून आलेली संस्था नव्हतीच. 1870 साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडीत होती, आणि श्री. गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या उद्योगामुळेच लोकांचे हाल कागदावर आले. 1880 च्या दुष्काळ कमिशनातून फॅमिन कोड निघाले. तेव्हापासून टंचाई पडली की काम काढावे व मजुरी द्यावी, हा सरकारी उपायांचा गाभा राहिला आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हा उपाय इतका विस्तारला की मे 1973 मध्ये कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली. श्री. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमीची योजना आली व 1977 साली तिचा कायदा झाला. त्यामुळे माणसे वाचली, आणि हे यश लहान नव्हे. तथापि मजुरी दुष्काळ पडल्यावर मिळते, आणि आमची वर्गणीही दुष्काळ पडल्यावरच निघते. दुष्काळ पडण्याच्या आधी काय करावे, याचे उत्तर आम्हांस अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी सापडते.

हे गाव पर्जन्यछायेतले. तेथे वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास, कित्येक साली त्याहूनही कमी. 1972 नंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि माणसे मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे गेली. 1989 साली तेथील तरुणांनी श्री. पोपटराव पवार या शिकलेल्या गृहस्थास सरपंच केले. त्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा कित्ता समोर होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान इत्यादी नियम ग्रामसभेने स्वीकारले. डोंगरावर समतल चर खणले, ओढ्यांवर बांध घातले, पाझर तलाव केले. यातील पुष्कळ काम रोजगार हमीच्या व आदर्श गाव योजनेच्या पैशांतून झाले. म्हणजे पैसा सरकारचाच. तसा पैसा शेकडो गावांस मिळाला, आणि शेकडो गावांचे पाझर तलाव आज गाळाने भरलेले आहेत. फरक पडला तो पुढील गोष्टीने.

या गावी पावसाची मोजणी होते, ठराविक विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि पावसाळा संपल्यावर यंदा गावापाशी किती पाणी जमा आहे व ते कशावर खर्च करावयाचे, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो. प्रथम माणसे व गुरे यांच्या पिण्याचे पाणी बाजूस काढावयाचे, काही भाग पुढील सालासाठी जमिनीत राखावयाचा, आणि उरलेल्यावर रब्बीची पिके ठरवावयाची. पाऊस कमी झाला असेल तर कोणत्या पिकास फाटा द्यावा, हे तेथेच ठरते. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही. ऊस व केळी लावावयाची नाहीत. जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही, असे गावाचे ठराव आहेत. 1995 साली या गावातील 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली मोजली गेली होती. 2010 च्या सुमारास ती 3 वर आली. श्री. पवार यांस 2020 साली पद्मश्री मिळाली. आम्हांस त्या मानापेक्षा तो दरसालचा ताळेबंद अधिक मोलाचा वाटतो.

व्यापारी मंडळींस ताळेबंद समजावून सांगणे म्हणजे आगाऊपणाच. परंतु पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून थोडे आकडे देतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडले. हजार हेक्टरांच्या शिवारात 300 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते 300 कोटी लिटर होते. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की टंचाई कसली? परंतु ही ढोबळ आवक आहे, नफा नव्हे. यातील बरेचसे उन्हाने उडते, बरेचसे ओढ्याने गावाबाहेर जाते, काही पिकाच्या मुळाशी ओल म्हणून राहते, आणि जे जमिनीत मुरून विहिरीस लागते तेच गावाचे खरे भांडवल. चर आणि बांध हे भांडवल वाढवितात. तथापि दुकानाची विक्री वाढली आणि घरखर्च त्याहून वाढला, तर वर्षाखेरीस पेढीची काय गत होते, हे वाचकांस माहीत आहे.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज 55 लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावास वर्षास सुमारे 2 कोटी लिटर पाणी लागते. उसाच्या पिकास वर्षाकाठी साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागते असे धरतात. म्हणजे एका हेक्टरास तेच 2 कोटी लिटर. एका खातेदाराचा अडीच एकर ऊस आणि हजार माणसांचे वर्षाचे पिण्याचे पाणी हे तराजूच्या दोन पारड्यांत सारखे उतरतात! हेच पाणी 10,000 लिटरच्या टँकरने आणावयाचे तर 2,000 खेपा होतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे 5 लाख लिटर पोचले. त्या हिशेबाने एका हेक्टर उसाचे पाणी म्हणजे तसल्या 40 गाड्या.

हे वाचून बागाईतदार मंडळी आमच्यावर रुष्ट होतील, याची आम्हांस जाणीव आहे. आमच्या वर्गणीदारांत ऊस लावणारे पुष्कळ आहेत. लेखकाच्या घरच्या जमिनीतही कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. त्यांचा आक्षेप असा की, कर्ज काढून, बोअरवर लाखो रुपये घालून आम्ही पीक उभे करावे आणि गावसभेने हात वर करून ते काढून टाकावयास सांगावे, हा कोणता न्याय? आक्षेपात तथ्य आहे. उभे पीक मोडावयास सांगणे अन्यायाचेच होईल. म्हणूनच ताळेबंद पावसाळा संपताच, रब्बीची पेरणी व उसाची लागण होण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे. शेतकऱ्यास आक्टोबरात कळले की यंदा पाणी इतकेच आहे, तर तो हरभरा किंवा ज्वारी घेईल. फेब्रुवारीत कळले तर तो आणखी शंभर फूट बोअर खाली नेईल. शिवाय खोल बोअरची शर्यत लागली म्हणजे तीत लहान खातेदार प्रथम बुडतो, परंतु मोठाही फार काळ तरत नाही. कोरड्या गेलेल्या बोअरांच्या कर्जाची प्रकरणे आमच्या कचेरीत येतात. त्यांत मोठ्या घरांचीही नावे असतात.

राहिला प्रश्न सरपंचाच्या कर्तव्याचा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे 8 वे कलम असे सांगते की, आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने मागील सालचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, पुढील कामांचा बेत आणि तपासनिसाचा शेरा ठेवावा. म्हणजे निवडून आलेल्या माणसाने आपल्या कामाचा वृत्तांत लोकांस देणे ही त्याची मेहेरबानी नसून कायद्याने घातलेले बंधन आहे. 1993 साली अंमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने जी 29 विषयांची यादी जोडली, तीत लघुपाटबंधारे व पाणलोट, पिण्याचे पाणी, जळण व चारा हे विषय आहेत. दुष्काळाचा बहुतेक सारा संसार यात आला. परंतु कलमात जमाखर्च म्हटला आहे तो पैशाचा. पाण्याचा जमाखर्च कोणी मागितला नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी कोणी दिला नाही. पुष्कळ गावी तर पैशाचाही अहवाल गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभेत उरकला जातो, आणि गावातील सधन मंडळी, म्हणजे आपणच, त्या दिवशी तालुक्यास गेलेली असतात. सरपंचास दोष देण्यापूर्वी ही गोष्टही पाहिली पाहिजे. अर्ध्या तासात सह्या होऊन सभा संपते, आणि ज्यांस प्रश्न विचारता आले असते ते उन्हाळ्यात आमच्या समितीकडे टँकरचा अर्ज घेऊन येतात.

या सर्वांचा विचार करून समितीने ठरविले आहे ते असे. पिण्याचे पाणी व गुरांचा चारा यांसाठी जी निकडीची मदत द्यावयाची ती कोणतीही अट न घालता पूर्ववत दिली जाईल. तहानलेल्या माणसाकडे ठराव मागणे हे आमच्याने होणार नाही. परंतु विहीर, बंधारा, गाळ काढणे अशा टिकाऊ कामांसाठी राखलेली वर्गणी यापुढे ज्या गावच्या सरपंचाने पावसाळ्यानंतर ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला असेल, आणि सार्वजनिक विहिरीच्या आसपास शेतीसाठी बोअर न घेण्याचा ठराव त्या सभेने केला असेल, त्याच गावास मिळेल. ताळेबंद शास्त्रशुद्ध असलाच पाहिजे असा आग्रह नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक, चार विहिरींची दरमहा घेतलेली पातळी आणि पिकांचे अंदाजी क्षेत्र, एवढ्यावर आरंभ करता येतो. ज्या गावी मांडणी करणारा माणूस नसेल तेथे समिती आपला माणूस पाठवील, आणि पर्जन्यमापकाची किंमतही समितीच देईल.

आश्रयदात्यांस विनंती एवढीच की, वर्गणी धाडताना ती निकडीच्या मदतीसाठी की टिकाऊ कामांसाठी हे स्पष्ट लिहावे. ज्यांची स्वतःची जमीन टंचाईच्या गावी आहे त्यांनी येत्या आक्टोबरातील ग्रामसभेस जातीने हजर राहून ताळेबंद मागावा, आणि त्याची एक प्रत समितीच्या चिटणिसांकडे पाठवावी. वर्गणीची पावती खजिनदारांच्या सहीनिशी टपालाने येईल. टिकाऊ कामांसाठी पैसा देणाऱ्यांस त्या त्या गावच्या ताळेबंदाची नक्कलही सोबत मिळेल.